भट्टीवाचून पाव : इंग्रजी मफिनची घरगुती कृती

इंग्रजी शाळांच्या बालकवर्गांतून एक जुने इंग्रजी गाणे नेहमी ऐकू येते. लंडनच्या ड्रूरी लेन नावाच्या गल्लीत राहणाऱ्या मफिनवाल्याला तुम्ही ओळखता काय, असा त्या गाण्यात प्रश्न आहे. पणजी असो, बेळगाव असो की इंदूर असो, मुले हे गाणे टाळ्या वाजवून मोठ्या उत्साहाने म्हणतात. परंतु मफिन म्हणजे काय, असे त्यांनाच विचारले तर ती बेकरीच्या काचेआड कागदी द्रोणात मांडलेल्या गोड केककडे बोट दाखवितात. यात मुलांचा दोष नाही. गाण्यातला मफिनवाला जो जिन्नस डोक्यावरून विकीत फिरत असे, तो जिन्नस वेगळाच होता, आणि त्याच्या स्वतःच्या देशातही पुढे तो जवळजवळ विसरला गेला होता.

हा मूळचा मफिन म्हणजे केक नव्हे. तो एक लहान, वाटोळा, चपटा पाव होय. त्याचा व्यास सुमारे तीन इंच, जाडी पाऊण ते एक इंच. दोन्ही तोंडे तव्यावर भाजून तांबूस झालेली, आणि कडेने मात्र फिकट पांढरा पट्टा राहिलेला, ही त्याची ओळख. केकच्या दुकानातील गोड मफिन हा अमेरिकेत रूढ झालेला प्रकार असून तो अंडी, साखर आणि बेकिंग पावडर यांच्या बळावर फुगतो व भट्टीत भाजला जातो. मूळच्या मफिनमध्ये साखर नावापुरती असते, अंडे नसते, आणि तो फुगतो तो यीस्टने. याच कुळातील क्रंपेट नावाचा आणखी एक पदार्थ आहे, व त्याचीही मफिनशी पुष्कळदा गल्लत होते. त्यातला भेद सोपा आहे. क्रंपेटचे पीठ आंबोळीच्या पिठासारखे पातळ असते. ते कड्यात ओतून एकाच बाजूने भाजतात, आणि त्याची जाळी वरच दिसते. मफिनची मात्र कणीक असते, ती दोन्ही बाजूंनी भाजली जाते, आणि तिची जाळी पोटात लपलेली असते.

मफिनची जी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, त्याला भट्टी लागत नाही. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथील पुष्कळ जुन्या घरांत पाव भाजण्याची भट्टी नसे. चुलीवर ठेवलेली लोखंडाची जाड तबकडी किंवा सपाट दगड हेच तेथील भाजण्याचे साधन. या साधनावर जे जे भाजता येईल ते ते तेथील गृहिणींनी शोधून काढले, आणि मफिन हे त्या शोधाचे एक उत्तम फळ होय. या दृष्टीने पाहिले तर ज्वारीची भाकरी आणि इंग्रजी मफिन यांची चूल एकच आहे. ज्या घरात बिडाचा जाड तवा आहे त्या घरात मफिनचे निम्मे साहित्य आधीच हजर आहे.

या पावाचा लेखी इतिहास बराच जुना आहे. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने १७४७ साली पाककलेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात मफिनची कृती दिलेली आहे. त्या काळी डब्यातले यीस्ट मिळत नसे. जवाची बिअर तयार करताना तिच्यावर जो फेस जमतो तो आणून त्यावर पाव फुगवीत असत. या फेसाला कडवटपणा असे, म्हणून तो पाण्यात रात्रभर ठेवून वरचे पाणी दुसऱ्या दिवशी ओतून टाकावे, असे ती सांगते. खाण्याच्या वेळी मफिन अखंडच विस्तवावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत शेकावा, मग हातांनी उघडावा म्हणजे आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल, आत लोणी घालून तो पुन्हा मिटावा, आणि सुरीचा स्पर्श मात्र त्याला मुळीच होऊ देऊ नये, अशी तिची ताकीद आहे. सुरी लागली की मफिन जड होतो, हे तिचे म्हणणे. पावणेतीनशे वर्षांनंतरही या ताकिदीत फरक करण्याचे कारण पडलेले नाही. त्याची उपपत्ती पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकात मफिन हा लंडनच्या रस्त्यावरचा नित्याचा जिन्नस झाला. दुपारच्या चहाच्या सुमारास डोक्यावर कापडाने झाकलेली टोपली आणि हातात घंटा घेऊन मफिनवाला गल्लोगल्ली फिरे. १८३९ च्या लंडन पोलीस कायद्याने माल विकण्यासाठी रस्त्यात शिंगे व तसली गोंगाटाची वाद्ये वाजविण्यास बंदी केली. तथापि लंडनमधील कष्टकऱ्यांच्या जीवनाची पाहणी करणाऱ्या हेन्री मेह्यू याने १८५१ च्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, कायद्याचा मफिनवाल्याच्या घंटेवर काहीच परिणाम झाला नाही. ती पूर्वीप्रमाणेच वाजत राहिली. घरोघरचे लोक ज्या घंटेची वाट पाहत असतील ती घंटा कायद्याने कशी बंद होणार?

जे कायद्याला साधले नाही ते पुढे काळाने साधले. चार्ल्स डिकन्सच्या ‘निकोलस निकल्बी’ या कादंबरीच्या आरंभीच एक थट्टेचा प्रसंग आहे. काही धनिक एकत्र येऊन गरम मफिन भाजून वेळेवर घरपोच करण्याची एक प्रचंड कंपनी काढतात, दहा दहा पौंडांचे पाच लक्ष भाग विक्रीस काढतात, आणि रस्त्यावरच्या मफिनवाल्यांचा धंदा कायद्याने बंद करण्याची मागणी करतात. १८३८–३९ साली वाचकांना ही निव्वळ थट्टा वाटली असेल. परंतु विसाव्या शतकात यंत्राने केलेला पाव घरोघर गेला, दोन महायुद्धे झाली, आणि डोक्यावर टोपली घेतलेला मफिनवाला लंडनच्या रस्त्यांवरून दिसेनासा झाला. विक्रेता गेला तेव्हा कृतीही विसरत चालली, कारण दाराशी रोज मिळणारी वस्तू घरी करून पाहण्याची गरज बहुतेकांना वाटली नव्हती. एलिझाबेथ डेव्हिड या विदुषीने १९७७ साली इंग्रजी पावावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा मफिन आणि क्रंपेट यांच्या जुन्या कृती एकमेकींपासून वेगळ्या करून दाखविण्याचे काम तिला करावे लागले.

मफिन टिकला तो परदेशात. सॅम्युएल बाथ थॉमस नावाचा एक इंग्रज १८७४ साली अमेरिकेस गेला आणि १८८० साली त्याने न्यूयॉर्क शहरात स्वतःची बेकरी काढली. त्याच्या मफिनांना तेथे लोक ‘इंग्लिश मफिन’ म्हणू लागले. इंग्लंडात याला नुसते मफिन म्हणत. ‘इंग्लिश’ हे विशेषण त्याला समुद्रापलीकडे गेल्यावर चिकटले. थॉमसच्या नावाचा मफिन पुढे मोठ्या कारखान्यांत तयार होऊ लागला, आणि २०१० साली तर त्याच्या पोटातील जाळीचा प्रश्न अमेरिकेतील वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. ही जाळी कशी पाडावयाची याचे संपूर्ण ज्ञान असलेली कंपनीत फक्त सात माणसे होती. त्यांपैकी एक अधिकारी प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ लागला, तेव्हा कंपनीने दाद मागितली आणि न्यायालयाने त्याला तूर्त तेथे जाण्यास मनाई केली.

ज्या जाळीसाठी एवढा कोर्टकज्जा झाला, ती घरच्या तव्यावर साधणे अशक्य नाही. कारखान्याला आपले रहस्य मोठ्या संख्येत, दररोज, एकसारखे उतरवावे लागते. गृहिणीला आठच मफिन करावयाचे असतात. तिच्यापुरते रहस्य तीन शब्दांत सांगता येते : सैल कणीक, सबुरी आणि मंद आच. आता या तिन्ही गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम यीस्टविषयी थोडे सांगणे जरूर आहे. यीस्ट ही काही रासायनिक पूड नव्हे. ते अतिसूक्ष्म जीव आहेत. किण्वन हे जिवंत पेशींचे कार्य आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने प्रस्थापित केली. हे जीव पिठातील साखर खातात आणि त्यापासून कर्बद्विप्राणिल वायू व अल्कोहोल तयार करतात. वायूने पीठ फुगते. अल्कोहोल भाजताना उडून जाते आणि मागे पावाचा परिचित सुगंध राहतो. कोमट उबेत हे जीव झपाट्याने काम करतात, थंडीत ते मंदावतात पण मरत नाहीत, आणि सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सियस उष्णतेला मात्र ते नष्ट होतात. म्हणून दूध कढत असता त्यात यीस्ट घालणाऱ्याचा पाव कधीच फुगत नाही. दुधात बोट घातले असता सुखकर ऊब लागावी, चटका लागू नये, एवढी एक खूण सांभाळली की पुरे.

इंग्लंडात बिअरच्या फेसाने जे काम केले, तेच गोव्यात माडाच्या सुरेने केले. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात गोव्यात आले आणि त्यांनी गव्हाचा फुगविलेला पाव आणला. ‘पाव’ हा मराठी शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. येथे बिअरचा फेस नव्हता. परंतु माडाची ताजी सूर आपोआप आंबते, कारण तिच्यातही यीस्टचे जीव असतात. ती सूर पिठात घालून गोव्यातील पोदेरांनी पिढ्यान् पिढ्या उंडे आणि पोयी भाजल्या. आज बहुतेक भट्ट्यांत बाजारचे यीस्ट वापरले जाते. एका देशात जवाच्या पिंपातून आणि दुसऱ्या देशात माडाच्या पोयीतून पावाचा जीव निघाला, पण काम करणारे जीव एकाच जातकुळीचे. ज्याला ही गोष्ट समजली त्याला यीस्टच्या डबीचे भय वाटणार नाही.

आता साहित्य. आठ मफिनांसाठी ३०० ग्रॅम मैदा, १५० मिलिलिटर दूध, ७५ मिलिलिटर पाणी, २० ग्रॅम लोणी, एक चहाचा चमचा साखर, सपाट चमचाभर मीठ, सपाट चमचाभर कोरडे दाणेदार यीस्ट आणि पसरण्यासाठी मूठभर बारीक रवा घ्यावा. ज्यांना थोडा कोंड्याचा स्वाद आवडतो त्यांनी मैद्याचा चौथा हिस्सा काढून त्या जागी गव्हाची कणीक घालावी. मात्र त्याहून अधिक घालू नये, कारण कोंड्याचे कण पिठातील चिकट तंतू तोडतात आणि जाळी बारीक होते. शक्यतो वजन करूनच जिन्नस घ्यावेत. वाटीचे माप घरोघर निराळे असते, आणि या पावात पाण्याच्या प्रमाणावरच सारा खेळ आहे.

दूध एकदा उकळून कोमट होऊ द्यावे. त्यात पाणी, साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. दहा मिनिटांनी वर फेस दिसला म्हणजे यीस्ट जिवंत आहे असे समजावे. फेस आला नाही तर तेथेच थांबावे आणि नवे यीस्ट आणावे. मेलेल्या यीस्टवर पाव सोपविणे म्हणजे मैदा व कष्ट दोन्ही वाया घालविणे होय. परातीत मैदा चाळून त्यात मीठ मिसळावे, मध्ये आळे करून हे दूध ओतावे आणि हाताने एकत्र करावे. मग पातळ केलेले लोणी घालावे.

येथेच नव्याने करणाऱ्याची पहिली परीक्षा होते. हे पीठ हाताला चिकटते, परातीला चिकटते, पोळीच्या कणकेसारखे आज्ञाधारक मुळीच नसते. अशा वेळी मनात येते की आणखी मूठभर मैदा घालावा. तो मोह आवरला पाहिजे. गव्हाच्या पिठात पाणी मिसळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लूटेन नावाचा चिवट, लवचिक पदार्थ तयार होतो, आणि यीस्टने निर्माण केलेला वायू त्याच्या पडद्यांत फुग्यासारखा कोंडला जातो. पीठ घट्ट असेल तर हे फुगे लहानच राहतात आणि पाव कापसासारखा एकजीव होतो. पीठ सैल असेल तर पडदे ताणले जातात, फुगे एकमेकांत मिसळतात, आणि लहानमोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्या तयार होतात. या पोकळ्या म्हणजेच मफिनची जाळी. लोणी वितळून जिरते ते याच पोकळ्यांत.

म्हणून कोरडा मैदा न लावता, हात किंचित ओले करून, पीठ आठ ते दहा मिनिटे तिंबावे. एका हाताने परात धरावी आणि दुसऱ्या हाताने पीठ खालून वर उचलून, ताणून, परत आपटावे. पहिली चार मिनिटे काहीच साधत नाही असे वाटते. मग पीठ हळूहळू परात सोडू लागते, त्याला तकाकी येते, आणि चिमटीत धरून ताणले तर न तुटता पातळ पडदा होतो. हा पडदा दिसला की तिंबणे थांबवावे. तेलाचा हात लावलेल्या खोलगट भांड्यात पीठ ठेवून वर ओले फडके झाकावे.

आता सबुरीचा भाग. पीठ किती वेळात दुप्पट होईल याचे उत्तर घड्याळात नसून हवेत आहे. पुस्तकांत ‘एक तास’ असे लिहिलेले असते, पण ते पुस्तक कोणत्या हवेत लिहिले हे पाहावे लागते. मे महिन्यात हैदराबादच्या किंवा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पीठ पाऊण तासाच्या आतही वर येते. तेव्हा दूध थंडच वापरावे आणि भांडे घरातील गार कोपऱ्यात ठेवावे. जानेवारीत इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या थंडीत त्यालाच दोन-तीन तास लागतात. तेव्हा भांडे चुलीजवळ अथवा कोमट पाण्याच्या पातेल्यापाशी ठेवावे. गोव्याच्या किनाऱ्यावर बाराही महिने फारसे अडत नाही, मात्र पावसाळ्यात मैदाच दमट झालेला असतो, म्हणून पाणी दोन चमचे कमी घालावे. खूण एकच : पीठ दुप्पट झाले पाहिजे, आणि पिठाचे बोट खोचले असता पडलेला खळगा लगेच भरून येता कामा नये. ज्यांना उतावीळ नाही त्यांनी हेच पीठ रात्री झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत यीस्ट सावकाश काम करते आणि सकाळपर्यंत पिठाला जी चव येते ती तासाभराच्या उबेने येत नाही.

फुगलेले पीठ ओट्यावर भरपूर रवा पसरून त्यावर अलगद काढावे. त्याला पुन्हा तिंबू नये; तसे केले तर जमविलेला वायू निघून जातो. ओल्या सुरीने त्याचे सारखे आठ भाग करावेत. प्रत्येक भागाच्या कडा खाली दुमडून गोळा करावा आणि तळहाताने हलके दाबून सुमारे तीन इंच रुंद चपटी वडी करावी. या वड्या रवा पसरलेल्या ताटात अंतराअंतराने ठेवून वरही थोडा रवा भुरभुरावा आणि फडक्याने झाकून आणखी अर्धा तास ठेवावे. हा रवा केवळ शोभेचा नव्हे. सैल पीठ ताटाला आणि तव्याला चिकटू न देण्याचे काम तो करतो, आणि भाजल्यावर वरच्या कवचाला खुसखुशीतपणा देतो. इंग्लंडात याच कामासाठी रवा किंवा तांदळाचे पीठ वापरतात, तेव्हा आपल्याकडील गृहिणीला येथे काही नवे आणावयाचे नाही.

यानंतर तवा. बिडाचा जाड तवा सर्वांत उत्तम, कारण तो उष्णता धरून ठेवतो आणि ती सारखी वाटतो. तव्याला तेल लावू नये. तो मंद आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावा आणि चिमूटभर रवा टाकून पाहावा. रवा टाकताच काळवंडला तर तवा फार तापला आहे. दीड-दोन मिनिटांत तो हळूहळू सोनेरी झाला तर तवा योग्य आहे. मग वड्या ज्या ताटात ठेवल्या आहेत तेथून उलथण्याने अलगद उचलून तव्यावर ठेवाव्यात. एका वेळी तीन-चारच घ्याव्यात. त्यांच्यामध्ये जागा राहिली पाहिजे.

भाकरीचा हात असलेल्या गृहिणीची चूक होण्याचा संभव येथेच असतो. भाकरीला तवा खणखणीत तापलेला लागतो. ती पातळ असल्याने क्षणात भाजते. मफिन इंचभर जाड. बाहेरचे कवच तापून करपण्यापूर्वी उष्णता त्याच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि पीठ व हवेचे फुगे यांतून उष्णता फार सावकाश प्रवास करते. म्हणून प्रत्येक बाजू मंद आचेवर सात ते आठ मिनिटे भाजावी. पहिल्या तीन-चार मिनिटांत मफिन डोळ्यांदेखत वर चढतो, कारण उबेमुळे यीस्ट शेवटची धाव घेते आणि कोंडलेला वायू प्रसरण पावतो. उलटताना घाई करू नये, आणि उलटल्यावर वरून दाबू नये. अनेकांना उलथण्याने दाबण्याची सवय असते. त्या एका दाबाने दोन तासांची जाळी बसून जाते.

दोन्ही बाजू तांबूस झाल्या म्हणजे कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट दाबून पाहावे. पट्टा दबून पुन्हा वर आला तर मफिन झाला. बोटाचा ठसा तसाच ओलसर राहिला तर तव्यावर झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर आणखी पाच मिनिटे ठेवावा. झालेले मफिन जाळीवर किंवा टोपलीत काढून निदान अर्धा तास थंड होऊ द्यावेत. गरमागरम उघडण्याची इच्छा स्वाभाविक असली तरी आतील पिष्ट या अर्ध्या तासात स्थिर होते. आधी उघडलेला मफिन चिकट लागतो आणि करणाऱ्याला वाटते की तो कच्चाच राहिला.

आता सुरीचा प्रश्न. मफिन सुरीने कापला तर पाते पोकळ्यांच्या भिंती चेपीत जाते आणि दोन गुळगुळीत चकत्या हाती येतात. तोच मफिन कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर सभोवार काट्याने टोचून हातांनी उघडला, तर तो जेथे दुबळा आहे तेथे, म्हणजे पोकळ्यांच्या रेषेवर, फाटतो. आतला भाग खडबडीत, उंचसखल निघतो. शेकताना उंचवटे कुरकुरीत होतात आणि खळग्यांत लोणी साठते. हॅना ग्लासची ताकीद ती हीच. इंग्लंडची जुनी रीत अशी की अखंड मफिन बाहेरून शेकून मग उघडावा, म्हणजे आत तो मऊ राहतो. अमेरिकेची रीत अशी की आधी उघडून आतली बाजू शेकावी, म्हणजे ती खुसखुशीत होते. दोन्ही करून पाहाव्यात. लोणी आणि मीठ, लोणी आणि मध, अंड्याची पोळी, किंवा नुसता चहा, कशाबरोबरही तो गोड लागतो.

पहिल्या खेपेस काही बिघडले तर त्याचे कारण शोधणे अवघड नाही. मफिन दगडासारखा घट्ट झाला तर मैदा अधिक पडला किंवा पीठ पुरते फुगले नव्हते. बाहेर काळा आणि आत कच्चा राहिला तर आच मोठी होती. तव्यावर पसरून चपटा झाला तर दुसऱ्या वेळी पीठ अर्ध्या तासाहून फार अधिक ठेवले गेले, किंवा पाणी जास्त झाले. जाळी बारीक आली तर तिंबण्यात कसूर झाली अथवा गोळे करताना पीठ फार हाताळले गेले. यांपैकी कोणताही दोष असा नाही की जो तिसऱ्या खेपेपर्यंत टिकावा. तयार मफिन डब्यात दोन दिवस चांगले राहतात. दमट हवेत मात्र दुसऱ्याच दिवशी संपवावेत.

भट्टीवाचून पाव होतो, ही गोष्ट भाकरीच्या तव्याला नवी नाही. परंतु तिचे मोल मफिनच्या इतिहासावरून नीट कळते. घंटा वाजत होती तोपर्यंत कोणालाच चिंता नव्हती. पाव मफिनवाल्याच्या टोपलीत होता, त्याची कृती भाजणाऱ्याच्या हातात होती, आणि घरातल्या माणसांना फक्त दार उघडावयाचे होते. टोपली गेली तेव्हा कृतीही गेली. ती परत मिळाली तेव्हा एका टोकाला ती जुन्या ग्रंथांतून वेचावी लागली आणि दुसऱ्या टोकाला ती सात माणसांच्या कुलूपबंद ज्ञानात जाऊन बसली होती.

गोव्याच्या वाड्यावाड्यांत पोदेर अजूनही पहाटे सायकलवरून येतो. पूर्वी त्याच्या हातातील काठीचा खुळखुळाट ऐकू येई, आता सायकलच्या भोंग्याचा आवाज येतो. आणि तो ऐकून मुले अजून दाराशी धावतात. पण भट्ट्या कमी होत आहेत, लाकूड महागले आहे, आणि पोदेरांची पुढची पिढी रात्रभर भट्टीसमोर उभी राहण्यास नेहमीच तयार असते असे नाही. ज्या घराला पीठ तिंबता येते, ते फुगले की नाही हे ओळखता येते, आणि मंद आचेवर वाट पाहता येते, त्या घराला पोदेराच्या कष्टाची किंमतही अधिक कळते. असे घर त्याच्याकडून पाव घेताना घासाघीस करीत नाही, आणि एखाद्या दिवशी भोंगा वाजला नाही तरी ते उपाशी राहत नाही.

आठ मफिनांना वेळ लागतो सुमारे तीन तास. त्यात हातांचे काम पाऊण तासाचे. उरलेला वेळ यीस्ट आणि विस्तव काम करतात, आणि माणसाने केवळ थांबावयाचे असते. रविवारच्या सकाळी घरातल्या मुलांना पिठावरचा फेस आणि तव्यावर वर चढणारी वडी दाखवावी, आणि पहिला मफिन काट्याने टोचून त्यांनाच उघडू द्यावा. मग बालकवर्गातील त्या गाण्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही.